गाभडलेली गाय हेडीला द्यायची का?

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव त्यांच्या सांगण्यावरून गाळलं आहे. पत्राचा सारांश असा :

‘आमच्याकडे ११ संकरित गाई आणि ३ कालवडी आहेत. मुक्त गोठ्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं, हप्ते अजून चालू आहेत. दिवाळीनंतर बाजारातून एक गाभण गाय आणली. ती सातव्या महिन्यात गाभडली (गर्भ पडला). वार (गर्भाभोवतीचा पडदा) पडेना म्हणून मीच हातानं ओढून काढली. सगळे म्हणाले, गरम पडलं असेल. दोन महिन्यांनी घरची एक गाय आठव्या महिन्यात गाभडली, तेव्हा डॉक्टरांनी चार गाईंचं रक्त तपासायला पाठवलं. बाजारातली आणि घरची, दोन्ही ब्रुसेला (गाई गाभडवणारा जंतू) पॉझिटिव्ह निघाल्या. बाजारातली गाय आता १२ लिटर दूध देते, अंगानं ठणठणीत आहे. हेडी (गुरांचा व्यापारी) तिला न्यायला तयार आहे. मालक म्हणतात, एका गाईपायी अख्खा गोठा का बुडवायचा, देऊन टाकू. पण हेडी ज्यांना ती गाय दाखवतोय त्या माझ्याच गटातल्या बाई आहेत. खरं सांगावं तर सौदा मोडेल, गावभर होईल, डेअरी दूध बंद करेल. गप्प बसावं तर मनाला लागतं. महिनाभर मला संध्याकाळी कणकण येते, कंबर धरते. टायफॉइडच्या गोळ्या घेऊन झाल्या, पण ते दगदगीनंच असेल. तर गाय विकू की ठेवू?’

ताई,

तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे आणि त्यात स्वतःबद्दल दोनच ओळी आहेत. मी तिथूनच सुरुवात करते. गाईचं उत्तर चार दिवस थांबलं तरी काही बिघडत नाही, तुमच्या तापाला तेवढी सवड नाही.

संध्याकाळी चढणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरणं, थोडे दिवस बरं वाटून पुन्हा तेच सुरू होणं ही माणसातल्या ब्रुसेलोसिसची, म्हणजे ब्रुसेला जंतूच्या आजाराची, नेहमीची लक्षणं. टायफॉइड, मलेरिया आणि क्षयातही यातलं बरंच काही दिसतं, त्यामुळे गावातल्या दवाखान्यात आधी टायफॉइडची विडाल चाचणी होते, टायफॉइडचं औषध मिळतं, चार दिवस उतार पडतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं. तुम्हाला ब्रुसेलोसिसच झालाय असं मी इथं बसून म्हणणार नाही. पण पॉझिटिव्ह गाईची वार तुम्ही उघड्या हातानं काढली आहे, आणि या रोगाचे जंतू सगळ्यात जास्त असतात ते वारेत, गर्भात आणि त्यासोबतच्या पाण्यात. हाताला एखादी चीर असेल, किंवा तोच हात डोळ्याला-तोंडाला लागला असेल, तरी लागण होऊ शकते.

म्हणून या आठवड्यात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे जा आणि गेल्या गेल्या सांगा : ‘आमच्या गोठ्यात ब्रुसेला निघालाय, गाभडलेल्या गाईची वार मी हातानं काढली आहे.’ हे तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा येत नाही. ऐकलं की ते ब्रुसेलाची रक्तचाचणी लिहून देतील, गरज वाटली तर रक्ताचं कल्चरही करतील. आजार निघाला तर उपचार आहे. साधारणपणे दोन औषधं एकत्र, सहा आठवडे. पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की हा आजार उलटतो, आणि उलटला की मणका-सांध्यांत ठाण मांडतो. धार काढणारं, शेण भरणारं, गाय विताना हात लावणारं घरात जे कुणी असेल त्यांनीही तपासून घ्यावं. पुरुषांमध्ये या आजारानं कधी कधी अंडकोषाला सूज येते, आणि लाजेपोटी ते बोलत नाहीत, हेही मालकांना एकदा विचारा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला गाय विताना गोठ्यात पाऊल ठेवू देऊ नका. या आजारात गर्भपाताची भीती बायकांनाही असते.

‘दगदगीनंच असेल’ हे तुमचं वाक्य मला खटकलं. अ‍ॅलिस इव्हान्स नावाची एक अमेरिकन शास्त्रज्ञ होती. गाईंच्या गर्भपाताचा जंतू डेन्मार्कच्या बँग यांनी १८९७ मध्येच शोधला होता. त्याआधी, १८८७ मध्ये, माल्टा बेटावरच्या सैनिकांच्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांना सापडला होता. ब्रुसेला हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. हे दोन जंतू एकाच घरातले आहेत आणि गाईच्या कच्च्या दुधातून माणसाला धोका आहे, हे इव्हान्सबाईंनी १९१८ मध्ये मांडलं. मोठमोठ्या संशोधकांनी ते उडवून लावलं. एका बाईला हे कळलं आणि आपल्याला नाही, हे त्यांना पचेना. १९२२ मध्ये काम करता करता त्यांना स्वतःलाच लागण झाली, पुढची वीसेक वर्षं ताप येत-जात राहिला, आणि बराच काळ डॉक्टर त्यांना सांगत होते की हे सगळं मनाचे खेळ आहेत. ज्या जंतूवर बाईंनी आयुष्य घातलं त्याच जंतूच्या तापाला लोक दगदग म्हणाले. तुम्ही स्वतःच स्वतःला तसं सांगू नका.

आता गोठ्याकडे येते.

मालकांच्या ‘एका गाईपायी’ या शब्दांत दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत : आजारी गाय एकच आहे, आणि ती गेली की आजारही जाईल. तुमच्याच पत्रात दोन पॉझिटिव्ह आहेत, त्याही चार तपासल्या तेव्हा. उरलेल्या सात गाईंचं रक्त कुणी घेतलेलंच नाही.

हा रोग किती पसरलाय, असंही तुम्ही विचारलं आहे. बेंगळुरूच्या पशुरोग संशोधकांनी २००२ मध्ये देशातल्या अनेक वर्षांच्या रक्ततपासण्यांचा आढावा छापला. त्यात गाईंमध्ये सुमारे ५ टक्के आणि म्हशींमध्ये सुमारे ३ टक्के लागण नोंदली आहे. हा आकडा ऐकला की माणूस लगेच हिशोब मांडतो : शंभरात पाच, म्हणजे अकरात अर्धी गाय, मग आपल्याकडे दोन निघाल्या तेवढ्याच असतील. पण रोग असा सरासरीनं वाटून येत नाही. गावातल्या बऱ्याच गोठ्यांत तो शून्य असतो आणि एखाद्या गोठ्यात तिसरा हिस्सा गाई निघतात. जिथं दावणीला दोनच गाई आणि दोन्ही घरच्या पैदाशीच्या, तिथं तो कमी सापडतो. जिथं गाई जास्त, विकतच्या जास्त, वयानं मोठ्या आणि आधी गाभडलेल्या, तिथं जास्त. तेव्हा देशाच्या ५ टक्क्यांवरून तुमच्या गोठ्याचं काहीच कळत नाही. ‘चारात दोन, म्हणजे निम्मा गोठा गेला’ असं म्हणून हातपाय गाळायचंही कारण नाही, कारण डॉक्टरांनी संशय होता त्याच गाईंचं रक्त घेतलं असणार. सगळ्यांचं रक्त गेल्याशिवाय खरा आकडा कळणार नाही, आणि तो कळेपर्यंत विकण्या-ठेवण्याचा कुठलाही निर्णय अंधारातला आहे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळ्या गाई आणि सहा महिन्यांवरच्या कालवडी तपासायची विनंती करा. पहिली चाचणी बहुधा रोझ बेंगालची असते. ती झटपट होते, पण लहानपणी ब्रुसेलाची लस टोचलेली गायही कधी कधी तिच्यात पॉझिटिव्ह दिसते. म्हणून पॉझिटिव्ह निघालेल्या नमुन्याची एलायझा चाचणी करून घ्या. कानातल्या बारा अंकी बिल्ल्यावर लस नोंदली असेल तर डॉक्टरांना दाखवा. उलटंही घडतं : नुकतीच लागण झालेली, किंवा आजच गाभडलेली गाय निगेटिव्ह येते आणि तीन आठवड्यांनी पॉझिटिव्ह. त्यामुळे एकदा सगळ्या निगेटिव्ह आल्या म्हणून पेढे वाटू नका. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि प्रत्येक गाय व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तिचं रक्त पुन्हा पाठवा. गाभण काळात गप्प बसलेली लागण व्याल्यावर उघडी पडते. गाय गाभडण्याला आणखीही कारणं असतात. लेप्टोस्पायरा हा जंतू, आयबीआर हा विषाणूचा आजार, बुरशी चढलेला मुरघास यांनीही गाय गाभडते, म्हणून एखादी ब्रुसेला-निगेटिव्ह गाय गाभडली तर तिचं कारण वेगळं शोधायला लागेल. मात्र सहाव्या महिन्यानंतर गाय गाभडली, वार अडकली आणि पाठोपाठ दुसरीही गाभडली, की ‘गरम पडलं’ म्हणून विषय संपवायचा नाही.

तुमचं स्वतःचंही एक गृहीत दिसतं, की बाजारातल्या गाईनंच रोग आणला. शक्यता तीच मोठी आहे. तरी दुधाची जुनी वही काढून पाहा. गेल्या दोन-चार वर्षांत घरच्या एखाद्या गाईची वार अडकली होती का, कुणी भरवूनही गाभण न राहता सारखी उलटत होती का, कुणाच्या गुडघ्याला पाण्याची गाठ आली होती का? ब्रुसेलाची गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढची वेतं पूर्ण दिवसांची होतात, वासरू जगतं, आणि घरातले ती गोष्ट विसरतात. जंतू मात्र तिच्या कासेत आणि कासेवरच्या गाठींत राहतो, थोडाथोडा दुधातून येतो आणि पुढच्या वेळी ती विते तेव्हा वारेबरोबर भरभरून बाहेर पडतो. तुमची १२ लिटरवाली गाय ‘ठणठणीत’ दिसते ती अशी. ती खोटं रूप घेऊन उभी नाही, या रोगात गाय अशीच दिसते.

आणि म्हणूनच, ताई, तुम्ही दिवाळीनंतर आणलेली गायही बहुधा कुणीतरी अशीच ठणठणीत म्हणून विकलेली असणार. लोणीचा बाजार असो, काष्टीचा असो, सांगोल्याचा असो, गाभण संकरित गाय बाजारात उभी असते तेव्हा ती मागच्या वेताला का विकली गेली नाही आणि या वेताला का विकली जातेय, हे तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. तिथं एखाद्या घरानं गप्प बसून आपला तोटा कमी केला, आणि तो तोटा तुमच्या गोठ्यात येऊन मोठा झाला. आता तोच सौदा तुमच्या दारात आला आहे, फक्त बाजू बदलली आहे.

लोक असं का करतात, हेही सांगायला हवं, नुसतं वाईट म्हणून भागत नाही. अमेरिकेनं १९३४ पासून पॉझिटिव्ह गाई शोधून, मालकाला भरपाई देऊन कत्तलीला पाठवल्या आणि अनेक दशकांनी रोग आटोक्यात आणला. आपल्याकडे गाईच्या बाबतीत तो रस्ता नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यापासून गोहत्येला बंदी आहे आणि २०१५ पासून बैल-वळूंनाही ती लागू झाली. कायदा बरा की वाईट याचा निवाडा या सदरात होणार नाही. पण त्याचा अर्थ असा की पॉझिटिव्ह निघालेली गाय पुढची सात-आठ वर्षं कुठल्या तरी गोठ्यात असणारच आहे. कुणाच्या, एवढाच प्रश्न उरतो. हेडीच्या हातून ती गेली की तो गोठा तुम्हाला माहीत नसतो, असं एरवी म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत तर गोठाही माहीत आहे आणि बाईही.

कायद्याची बाजूही आहे. जनावरांमधल्या संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा २००९ चा केंद्रीय कायदा ब्रुसेलोसिसला लागू आहे. अशा रोगाचा संशय आला तर मालकानं कळवायचं, बाधित जनावर वेगळं ठेवायचं आणि बाजारात न्यायचं नाही, असं तो सांगतो. तुमच्या हातात लेखी अहवाल आहे. उद्या त्या बाईंच्या गोठ्यात गाई गाभडल्या आणि अहवालाची तारीख पुढे आली, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं मालकांना म्हणता येणार नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : दुधासाठी किंवा पैदाशीसाठी ती गाय कुणालाही विकू नका. भाकड झाल्यावर गुपचूप गोशाळेला सोडणं हीदेखील पळवाटच. तिथंही शंभर गाई आहेत. सोडायचीच असेल तर अहवालाची प्रत देऊन सोडा.

आता डेअरी. ही भीती मला समजते, कारण हप्त्याची तारीख कुणासाठी थांबत नाही. पण दुधाचं नीट पाहू. दूध उकळलं किंवा पाश्चराइज केलं की ब्रुसेलाचा जंतू मरतो. डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, ते त्याला पुरेसं आहे. धोका आहे तो कच्च्या दुधाचा : गोठ्यात पोराला दिलेला धारोष्ण पेला, शेजारी जाणारा रतीब, न तापवलेल्या दुधाचं लोणी. या तिन्हींपैकी तुमच्याकडे जे काही असेल ते आजपासून बंद. खरवस नीट वाफवला तर त्याची भीती नाही, पण कच्चा चीक बोटानं चाखायची सवय सोडा. गाभडलेल्या गाईचं पहिल्या दिवसांतलं दूध तर डेअरीला घालायचंच नाही. पॉझिटिव्ह गाईंची धार सगळ्यांत शेवटी काढा, आणि त्यांच्या दुधाचं काय करायचं हे डेअरीचे पशुवैद्यक किंवा विस्तार अधिकारी यांना स्वतःहून भेटून, अहवाल समोर ठेवून ठरवा. संकलन केंद्रावर चार जणांत बोलू नका. बातमी पाय फुटून जाण्याआधी तुम्ही कागद घेऊन गेलात तर बोलणं तुमच्या हातात राहतं. दोन गाईंचं दूध काही दिवस वेगळं ठेवावं लागेल, हे गृहीत धरूनच जा. सगळं दूध बंद होईल, हा अंदाज मात्र तुम्ही कुणालाही न विचारता बांधलेला आहे.

मालकांशी बोलताना ‘पाप लागेल’ वगैरे नको, हिशोबच मांडा. एक गाय गाभडली की एक वेत जातं, वासरू जातं, औषधं लागतात, पुन्हा भरवायला दोन-तीन महिने जातात. हे सगळं पुढच्या वर्षी आणखी तीन गाईंना झालं तर किती, हे त्यांनाच वहीत लिहू द्या, आणि शेजारी हेडीनं सांगितलेला भाव लिहा. गाय विकली तरी रोग गोठ्यात राहतो, कारण घरची गाय पॉझिटिव्ह आहेच. म्हणजे हेडीचे पैसे मिळून पुढचा तोटा टळत नाही.

पॉझिटिव्ह गाई ठेवायच्या कशा, हाच आता खरा कामाचा भाग. मुक्त गोठ्याचं मी नेहमीच कौतुक करते. कष्ट वाचतात, कास नीट राहते, गाय सुखी असते. पण या एका रोगात मुक्त गोठ्याची बाजू लंगडी पडते. दावणीला बांधलेली गाय गाभडली तर तिची घाण तिच्या आणि शेजारणीच्या खुरांखाली राहते. मुक्त गोठ्यात रात्री गाय गाभडली की सकाळपर्यंत सगळा कळप तिथं येऊन हुंगतो, चाटतो. चाटण्यातून आणि खराब झालेल्या चारा-पाण्यातून हा रोग गाईला सगळ्यात जास्त लागतो. त्यामुळे गोठ्याच्या एका टोकाला, उताराच्या खालच्या अंगाला, विणीचा वेगळा कप्पा करा. त्याची गव्हाण वेगळी, पाण्याची टाकी वेगळी, खराटा आणि घमेलंही वेगळं. चार बांबू आणि जाळी मारली तरी चालेल. गाभण गाय, मग ती निगेटिव्ह असली तरी, दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी तिथं न्या आणि व्याल्यावर घाण पूर्ण थांबेपर्यंत तिथंच ठेवा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह गाई एकाच वेळी एका कप्प्यात नकोत. दोन पॉझिटिव्ह गाई तर कायमच्या वेगळ्या राहायला हव्यात.

वार अडकली तर ओढायची नाही. हे सगळ्याच वाचकांना सांगते : ते काम हातभर मोज्यांचं आणि डॉक्टरांचं आहे, आणि आम्हा पशुवैद्यकांतल्या कित्येकांना हा आजार त्याच कामातून झालेला आहे. पडलेली वार, गर्भ, खालचा भिजलेला भुसा हे सगळं मोजे घालून उचलायचं, कमरेएवढ्या खोल खड्ड्यात टाकायचं, वर चुना, वर माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटे. काही भागांत वार गाठोड्यात बांधून वडाला टांगतात, गाईला वडासारखं दूध यावं म्हणून. भावना मी समजू शकते, पण ब्रुसेलाच्या गोठ्यातली वार झाडाला टांगणं म्हणजे कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडून ती गावभर पोचवणं. ओढ्यात टाकणं त्याहून वाईट. सिमेंटची जागा धुऊन कॉस्टिक सोड्याचं २ टक्के पाणी किंवा ब्लिचिंग पावडर वापरा. कॉस्टिकनं कातडी भाजते, जपून. जागा कोरडी होऊन तिला ऊन लागेल असं बघा. थेट उन्हात हा जंतू काही तासांत मरतो, ओलसर सावलीत मात्र महिनोन् महिने टिकतो.

औषधानं गाय बरी करतो म्हणून कुणी इंजेक्शनचा कोर्स सुचवला तर पैसे खिशातच ठेवा. हा जंतू पेशींच्या आत लपतो, गाईत त्याच्यावर भरवशाचा उपचार नाही, आणि दुधात प्रतिजैविक उतरलं तर तुमचं दूध डेअरी खरोखरच परत पाठवेल. पॉझिटिव्ह गाईला लस टोचूनही रोग जात नाही.

बाजारातल्या गाईला एवढ्यात भरवूही नका. जंतू सगळ्यात जास्त बाहेर पडतात ते गाय विताना किंवा गाभडताना. गाभणच नसेल तर तो मोठा धोका टळतो, दुधातला लहान धोका तुम्ही उकळून सांभाळताय. हे वेत लांबवा, परवडेल तोवर दूध काढा. दूध खर्चाखाली आलं की मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरवा : वेगळ्या कप्प्यात वितेल अशी सोय करून भरवायची, की नुसती पोसायची. दोन्हींत खर्च आहे, आणि त्याला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. भरवायची झाली तर गावातल्या वळूकडे न्यायची नाही. तपासलेल्या वळूचं, खात्रीच्या केंद्रातलं रेतन वापरा आणि रेतन करायला येणाऱ्याला गाय पॉझिटिव्ह आहे हे आधी सांगा. तोही माणूस आहे, आणि इथून तो दहा गोठ्यांत जातो.

गटातल्या त्या बाईंना या दोन दिवसांत भेटा, गाय उतरायच्या आधी. त्यांना ‘ही गाय घेऊ नका, तिचा अहवाल असा आहे’ एवढं सरळ सांगा. आडवळणानं सांगितलेलं हेडी गोडीत फिरवून टाकतो. त्या रागावतील का? मला तरी तसं वाटत नाही. पण ‘तुमच्याकडे असं कसं झालं’ हे त्या विचारतील, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे : न तपासता घेतली म्हणून. हेच पुढं गटाच्या बैठकीत मांडा. गटाच्या कर्जातून गाय घ्यायची असेल तर आधी रक्ताचा अहवाल, मग पैसे. गाय आणल्यावर महिनाभर वेगळी, मग पुन्हा एकदा तपासणी. गाभण घेतली असेल तर ती विते तोवर वेगळीच. आणि विकणाऱ्याला तीन प्रश्न : मागच्या वेताला काय झालं होतं, वार पडली होती का, कालवड असताना ब्रुसेलाची लस दिली होती का. दहा-बारा बायका हेच विचारायला लागल्या की हेडीलाही अहवाल घेऊन यावं लागेल. गटानं मिळून दवाखान्याकडे अर्ज दिला तर प्रत्येक गोठ्याच्या एकत्र दुधाची रिंग चाचणी करून घेता येते. एका नमुन्यात सगळ्या गोठ्याचा अंदाज येतो, आणि कुणा एकीकडे बोट दाखवायची वेळ येत नाही.

राहिल्या तुमच्या तीन कालवडी. त्यांतली धाकटी सहा महिन्यांची आहे, असं पत्रात आहे. ब्रुसेलाची लस फक्त मादी वासरांना, चौथ्या ते आठव्या महिन्यांतच आणि आयुष्यात एकदाच टोचतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारकडून दिली जाते. म्हणजे तुमच्या हातात दोन महिने आहेत. लस जिवंत जंतूंची असते, म्हणून ती डॉक्टरांनीच मोजे-चष्मा घालून टोचायची, वासरू धरणाऱ्यानं सुईपासून लांब राहायचं, आणि चुकून कुणाला टोचलीच तर तासाभरात माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. मोठ्या दोन कालवडींचं वय निघून गेलं आहे. त्यांना आता लस नको, त्यांचं रक्त बाकीच्या गाईंबरोबर पाठवा आणि पहिल्या वेतानंतर पुन्हा एकदा. आजारी गाईची एखादी कालवड पहिलं वेत होईपर्यंत निगेटिव्ह दिसते आणि मग पॉझिटिव्ह निघते. दवाखान्यात लस आली आहे का, हे १९६२ या क्रमांकावर किंवा थेट डॉक्टरांना विचारा, आणि ज्या दिवशी लस टोचतील त्याच दिवशी बिल्ल्यावर तिची नोंद झाली का, हे तिथंच उभं राहून बघून घ्या.